शिक्षण आणि समाजकार्य : सातारा-सांगलीच्या शिक्षकाची घडण

शाळेत नवे शिक्षक रुजू झाले की स्वागतसमारंभात त्यांचा परिचय करून दिला जातो. नाव, गाव, पदवी, अध्यापनाची वर्षे इत्यादी माहिती सांगून झाल्यावर अनेकदा शेवटी एक वाक्य येते : "शिक्षण व समाजकार्य या दोन्ही क्षेत्रांचा त्यांना अनुभव आहे." टाळ्या होतात आणि कार्यक्रम पुढे सरकतो. बी.एड. म्हणजे काय हे पालकांना साधारणपणे ठाऊक असते; परंतु शिक्षकाला समाजकार्याची पार्श्वभूमी असणे म्हणजे नेमके काय, तिचा आपल्या मुलाच्या शिक्षणाशी काय संबंध, असा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. दुष्काळात अन्नदान करणे किंवा श्रमदानात घमेले उचलणे एवढाच समाजकार्याचा अर्थ घेतला, तर ती पार्श्वभूमी शिक्षकाच्या परिचयातील केवळ एक अलंकार ठरते.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर सापडते. महाराष्ट्रात शिक्षकाच्या व्यवसायाला समाजकार्याची जोड देण्याचे जे महत्त्वाचे प्रयत्न झाले, त्यांतील काहींची मुळे याच भूमीत आहेत.

दोन जिल्हे, एक भूमी

आज आपण सातारा आणि सांगली अशी दोन नावे घेतो. परंतु ही विभागणी फार जुनी नाही. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली आणि १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग व लगतच्या संस्थानांचा मुलूख मिळून 'दक्षिण सातारा' जिल्हा निर्माण झाला. १९६० मध्ये त्याला 'सांगली' हे नाव मिळाले. म्हणूनच येथील शिक्षणसंस्थांचा इतिहास वाचताना कराड, वाळवा, तासगाव, पाटण ही नावे एकाच प्रवाहात येतात.

या भूमीचे तीन स्तर आहेत. पश्चिमेला पाटण, जावळी, शिराळा हा डोंगरी भाग. मध्यभागी कृष्णाकाठचा संपन्न ऊसपट्टा. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत हा अवर्षणप्रवण टापू. डोंगरी भागातील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गिरणीत आणि गोदीत गेले, माथाडी कामगार झाले. विटा-खानापूर, आटपाडी या परिसरातील कुटुंबे सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायासाठी देशभरातील शहरांत विखुरली. त्याच वेळी ऊसपट्ट्यात दरवर्षी गळीत हंगामात मराठवाड्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या लहान मुलांसह येऊन राहू लागल्या.

याचा अर्थ असा की, येथील शिक्षकाच्या वर्गात आजी-आजोबांकडे राहणारे मूल असते, चार महिन्यांसाठी आलेले मूल असते आणि चार महिन्यांसाठी निघून गेलेलेही असते. अशा वर्गात केवळ धडा उत्तम शिकवून काम भागत नाही. धडा ऐकण्यासाठी मूल वर्गात असावे लागते आणि ते का नाही, याचे कारण शाळेच्या भिंतीबाहेर असते.

नायगावची शिक्षिका

या परंपरेचा आरंभ शोधताना आपण सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यातील नायगावला पोहोचतो. ३ जानेवारी १८३१ रोजी तेथे सावित्रीबाईंचा जन्म झाला. १८४० मध्ये विवाह होऊन त्या पुण्यास आल्या. जोतीरावांनी त्यांना घरी शिकविले. अहमदनगर येथे मिस फेरार आणि पुणे येथे मिचेल बाई यांच्याकडे त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतल्याचे त्यांच्या चरित्रांतून नोंदविलेले आहे. सावित्रीबाईंनी धैर्य दाखविले हे सर्वजण सांगतात. त्यांनी प्रशिक्षण घेतले होते हे मात्र सांगायचे राहून जाते. शिकविणे ही शिकण्याची गोष्ट आहे, केवळ सद्‌भावनेने ती साधत नाही, हे त्या दांपत्याने १८४८ च्या सुमारासच ओळखले होते.

पुढील पन्नास वर्षांत त्यांच्या कार्याची कक्षा रुंदावत गेली. फसविल्या गेलेल्या विधवांसाठी १८६३ मध्ये फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. १८७६-७७ च्या दुष्काळात सावित्रीबाई जुन्नर परिसरात अन्नछत्रांच्या कामात होत्या. १८६८ मध्ये माहेरी, नायगावी असताना त्यांनी जोतीरावांना लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. भिन्न जातींतील एका तरुण जोडप्यास गावकरी मारावयास निघाले असता सावित्रीबाई मध्ये पडल्या व त्या दोघांना सुखरूप गावाबाहेर जाऊ दिले, अशी हकीकत त्यात आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची शुश्रूषा करीत असतानाच त्यांना लागण झाली आणि १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले.

मुलगी शाळेत का येत नाही, या प्रश्नाचा माग काढणारी शिक्षिका बालविवाह, वैधव्य, जातिभेद आणि उपासमार या प्रश्नांपर्यंत पोहोचल्यावाचून राहत नाही. सावित्रीबाईंच्या शाळेपासून बालहत्या प्रतिबंधक गृहापर्यंतचा मार्ग या दृष्टीने पाहिला पाहिजे.

कर्मवीरांची शिक्षक घडविणारी शाळा

सावित्रीबाईंच्या बाबतीत जे एका व्यक्तीच्या जीवनात घडले, त्याची पद्धत निर्माण करण्याचे श्रेय कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याकडे जाते. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे त्यांचा जन्म झाला. त्यांचे मूळ घराणे सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकचे होते.

त्यांची व्यावसायिक पार्श्वभूमी आजच्या नियमांत बसली नसती. त्यांच्याकडे पदवी नव्हती. कोल्हापुरात शिकत असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परतल्यावर स्नान करून 'शुद्ध' होण्यास त्यांनी नकार दिला. त्यामुळे त्यांना राहते वसतिगृह सोडावे लागले. साताऱ्यात त्यांनी खासगी शिकवण्या घेतल्या व लोक त्यांना 'पाटील मास्तर' म्हणू लागले. पुढे ओगले यांच्या काचकारखान्याचे व किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे विक्रेते म्हणून ते गावोगाव फिरले. नांगर विकताना शेतकऱ्याच्या ओसरीवर बसावे लागते, त्याचे कर्ज, त्याची पिके, त्याची मुले यांविषयी ऐकावे लागते. समाजकार्याच्या परिभाषेत ज्याला आज 'समुदायाचे अध्ययन' म्हणतात, ते भाऊरावांनी अशा रीतीने पायी फिरून केले.

दुधगाव येथे १९१० च्या सुमारास सहकाऱ्यांसह विद्यार्थी आश्रमाचा पहिला प्रयत्न झाला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. वाळवा तालुक्यातील नेर्ले येथेही वसतिगृह निघाले. १९२४ मध्ये संस्थेचे मुख्यालय साताऱ्यास आले. तेथील वसतिगृहास १९२७ मध्ये महात्मा गांधींनी भेट दिली व त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण केले.

वाचकांनी येथे क्रम लक्षात घ्यावा. भाऊरावांनी आधी वसतिगृह काढले, शाळा नंतर. खेड्यातील मुलाची अडचण शाळेच्या अभावाइतकीच राहण्याची व जेवण्याची आहे, हे त्यांना फिरतीत कळले होते. वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र स्वयंपाक करीत, एका पंक्तीत जेवत, शेतात राबत. गावोगावचे लोक धान्य देत. धान्य कमी पडले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने मोडले व अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे पाऊल १९३५ चे. त्या वर्षी साताऱ्यात 'सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज' सुरू झाले. नावातील 'रूरल' हा शब्द महत्त्वाचा आहे. खेड्यात शिकविणारा शिक्षक खेड्याच्या जीवनाशी जोडलेल्या संस्थेतच घडला पाहिजे, ही त्यामागील कल्पना होती. भावी शिक्षकाने पाठाचे टाचण काढावे, तसेच शेतीकाम, स्वच्छता, सहभोजन व सहनिवास यांचाही अनुभव घ्यावा, अशी अपेक्षा होती.

या प्रशिक्षित शिक्षकांची कसोटी व्हॉलंटरी शाळांत लागली. १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून संस्थेने शाळा नसलेल्या लहान लहान गावांत अशा शेकडो एकशिक्षकी शाळा उघडल्या. जागा गावाची, बहुधा देऊळ किंवा चावडी. सरकारी अनुदान तुटपुंजे. अशा गावात एकटा राहणारा तरुण शिक्षक गावाचा विश्वास मिळविल्याशिवाय एक आठवडाही टिकला नसता. घरोघर जाऊन मुले गोळा करणे, गुरे राखणाऱ्या मुलाच्या बापाची समजूत घालणे, मागासवर्गीय मुलाला इतरांच्या शेजारी बसविणे ही कामे त्याच्या अध्यापनाचाच भाग होती.

१९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज आणि १९५४ मध्ये कराडला सद्‌गुरू गाडगे महाराज कॉलेज निघाले. 'कमवा आणि शिका' हा मार्ग त्यातून रूढ झाला. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे संस्थेचे बोधवाक्य आणि वटवृक्ष हे तिचे चिन्ह आजही गावोगावच्या शाळांवर दिसते. वसतिगृहात वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. भाऊरावांना १९५९ मध्ये पद्मभूषण मिळाले व त्याच वर्षी ९ मे रोजी ते निवर्तले.

याच मुशीतून बाहेर पडलेल्यांत पाटण तालुक्यातील रामापूरचे बापूजी साळुंखे यांचे नाव घ्यावे लागेल. रयतमध्ये शिक्षकाचे काम केल्यानंतर त्यांनी १९५४ मध्ये कोल्हापूर येथे स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था स्थापिली आणि सांगली-साताऱ्यासह दक्षिण महाराष्ट्रात तिच्या शाळा पसरल्या.

समाजकार्य : भावनेकडून व्यवसायाकडे

साताऱ्यात शिक्षकांचे हे महाविद्यालय सुरू झाल्यानंतर एकाच वर्षाने, १९३६ मध्ये, मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे शिक्षण देणारी भारतातील पहिली पदव्युत्तर संस्था सुरू झाली. हीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. पुण्यात १९६३ मध्ये कर्वे समाज सेवा संस्था निघाली. आज कोल्हापूरच्या सायबर संस्थेत आणि साताऱ्याजवळ जकातवाडी येथील यशवंतराव चव्हाण स्कूल ऑफ सोशल वर्क येथे हे शिक्षण मिळते. एम.एस.डब्ल्यू. ही दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी होय.

या अभ्यासक्रमात प्रामुख्याने तीन पद्धती शिकविल्या जातात. एकेका व्यक्तीची अडचण समजून घेऊन तिला स्वतःच्या पायावर उभे राहण्यास साहाय्य करणे, ही पहिली. गटाच्या माध्यमातून व्यक्तीचा विकास साधणे, ही दुसरी. संपूर्ण वस्तीला किंवा गावाला आपल्या प्रश्नावर एकत्र आणणे, ही तिसरी. वर्गातील व्याख्यानांबरोबर प्रत्यक्ष क्षेत्रकार्य अनिवार्य असते. विद्यार्थी वस्तीत, रुग्णालयात, बालगृहात किंवा न्यायालयात काम करतो, त्याची लेखी नोंद ठेवतो आणि मार्गदर्शक ती तपासतात.

दान आणि समाजकार्य यांतील भेद येथे स्पष्ट होतो. गरजू मुलास वही घेऊन देणे हे सत्कृत्य आहे. त्या मुलाच्या घरी वहीसाठी पैसे का उरत नाहीत, त्याला कोणती शिष्यवृत्ती लागू होते, तिचा अर्ज कोठे अडला आहे याचा शोध घेणे आणि अर्ज भरताना त्याच्या आईला बरोबर घेणे, म्हणजे पुढच्या वर्षी ती तो स्वतः भरील, हे समाजकार्य आहे. त्याचे काही दंडकही आहेत : समोरच्याचा निवाडा न करता ऐकणे, त्याची गोष्ट गुप्त राखणे आणि निर्णय त्याला स्वतःला घेऊ देणे. कर्मवीरांच्या शिक्षकांनी अनुभवातून जे आत्मसात केले, ते येथे शास्त्र म्हणून शिकविले जाते.

वर्गात काय फरक पडतो ?

एक कल्पित, परंतु अनेकांच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. आठवीतील एक हुशार मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत येत नाही. हजेरीपटावर पंधरा दिवस 'गैरहजर' असा शेरा पडतो. पुष्कळ ठिकाणी पालकांना एक चिठ्ठी जाते व प्रकरण तेथेच थांबते.

समाजकार्याची दृष्टी असलेली शिक्षिका प्रथम मुलीच्या मैत्रिणींशी सहज बोलेल. नंतर घरी जाईल. आणि जाब विचारण्याऐवजी चहा घेईल, ऐकेल. कारणे निरनिराळी असू शकतात. आई आजारी असून धाकट्या भावंडांना सांभाळणारे कोणी नसेल. वडील वारले असतील. तसे असल्यास बालसंगोपन योजनेचा लाभ मिळू शकतो. कुटुंब कामासाठी दुसऱ्या गावी गेले असेल. तर शिक्षण हमी कार्ड देऊन मुलीला त्या गावच्या शाळेत बसविता येते. शिक्षणहक्क कायदा २००९ प्रमाणे चौदा वर्षांपर्यंतच्या मुलास दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, हे तिला माहीत असते व ती ते पालकांना सांगते.

कदाचित मुलीचे लग्न ठरत असेल. अठरा वर्षांखालील मुलीचा विवाह हा २००६ च्या कायद्याने प्रतिबंधित आहे आणि गावपातळीवर तो रोखण्याची जबाबदारी शासनाने ग्रामसेवकाकडे दिलेली आहे. तेव्हा शिक्षिका एकटीने वाद घालत बसत नाही. ती मुख्याध्यापकांना सांगते, शाळा व्यवस्थापन समितीतील एखाद्या समंजस मातेला बरोबर घेते आणि आवश्यक तर १०९८ या बालकांच्या मदतवाहिनीस कळविते. मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याची शंका आली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. 'शाळेची बदनामी नको' हे कारण तेथे चालत नाही.

या साऱ्यात अध्यापन बाजूला पडले असे वाटेल. परंतु मुलगी वर्गात परतली तरच गणिताचा पुढील धडा तिच्यापर्यंत पोहोचतो. शिक्षकाच्या व्यवसायाला समाजकार्याची पार्श्वभूमी लागते ती एवढ्यासाठी.

मर्यादांचे भान

या विषयाची दुसरी बाजूही मांडणे न्याय्य होईल. शिक्षकाचे पहिले कर्तव्य शिकविणे हेच आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्तीनिवारण व निवडणुका वगळता शिक्षकांना अन्य अशैक्षणिक काम देऊ नये असे म्हटले आहे. २०१९ च्या महापुरात सांगली परिसरातील शाळा पूरग्रस्तांचा निवारा झाल्या, तेथे शिक्षक उभे राहिले ते योग्यच. परंतु 'समाजकार्य' या नावाखाली दररोजची नोंदणी, सर्वेक्षणे आणि सोहळे शिक्षकावर लादणे हा त्या शब्दाचा दुरुपयोग होय.

आणखी एक गोष्ट. लक्ष्मीबाईंच्या मंगळसूत्राची कथा आपण गौरवाने सांगतो. ती सांगताना त्या त्यागाची किंमत एका गृहिणीने मोजली, हेही ध्यानात ठेवावे. आजच्या शिक्षकाकडून, विशेषतः अल्प मानधनावर राबणाऱ्या तरुण शिक्षिकेकडून, तशाच त्यागाची अपेक्षा करून स्वस्थ बसणे उचित नाही. गृहभेटींसाठी वेळापत्रकात तास हवा, प्रवासखर्च हवा आणि कठीण प्रसंगी तिच्या पाठीशी संस्था हवी. मोठ्या शाळांनी स्वतंत्र समुपदेशक किंवा शालेय समाजकार्यकर्ता नेमावा, हे अधिक श्रेयस्कर.

पालकांनी आणि संस्थांनी काय पाहावे ?

आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांत शिक्षकी पेशाची परंपरा आहे. या पेशाकडे वळू इच्छिणाऱ्या तरुणांनी प्रथम अध्यापनाची पात्रता पक्की करावी. पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड. आवश्यक असून बी.एड. त्याऐवजी चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. बी.एड. अभ्यासक्रम २०१५ मध्ये एका वर्षावरून दोन वर्षांचा झाला, तो प्रत्यक्ष शाळेतील अनुभवाचा काळ वाढावा म्हणून. समाजकार्याची पदवी ही अध्यापनाच्या पात्रतेला पूरक आहे, पर्याय नव्हे. पदवी घेणे शक्य नसेल त्याने निदान सुट्टीतील काही आठवडे एखाद्या साखरशाळेत, वसतिगृहात किंवा बालगृहात काम करावे आणि आपल्या अनुभवाची नोंद ठेवावी.

संस्थाचालकांनी मुलाखतीत टक्केवारीबरोबर एखादा साधा प्रश्न विचारावा : "गेल्या वर्षी तुमच्या वर्गातून शाळा सोडलेल्या मुलाचे नाव काय आणि त्याचे पुढे काय झाले ?" ज्या शिक्षकाला हे सांगता येते, त्याची सामाजिक पार्श्वभूमी सिद्ध करण्यास वेगळे प्रमाणपत्र लागत नाही.

पालकांचेही एक कर्तव्य आहे. शिक्षणहक्क कायद्याने स्थापन झालेल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात व निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. जेथे अशी समिती आहे तेथे तिच्या सभेस उपस्थित राहावे. शिक्षक घरी आले तर 'आमच्या मुलाची तक्रार आली' अशा भयाने त्यांचे स्वागत करू नये.

काले गावातून निघालेली रयत शिक्षण संस्था आज शंभर वर्षांहून अधिक काळ उभी आहे. नायगावात सावित्रीबाईंचे जन्मघर स्मारक म्हणून जतन केलेले आहे. पुढील सहलीत मुलांना तेथे जरूर न्यावे. आणि त्याआधी, आपल्या शेजारच्या ज्या घरातील मूल शाळेत जाईनासे झाले आहे, त्या घरी एकदा जाऊन यावे.